विषय: नाताळात मिशनरी मुलांना जेवायला बोलावण्याबाबत

प्रेषक: एक सभासद, बाड होम्बुर्ग

जर्मनीतील आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी अशा वेषातील दोन अमेरिकन मुले गेले काही महिने आमच्या भागात दिसतात. शेजारच्या फ्रीडरिशडॉर्फ येथे ज्यांचे मंदिर आहे, त्या मॉर्मन पंथाचे ते मिशनरी आहेत. परवा सासूबाईंची जड पिशवी त्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. बोलता बोलता कळले की, घराबाहेरचा हा दोघांचाही पहिलाच नाताळ आहे. त्यांना एकदा जेवायला बोलवावे असे घरात सर्वांनाच वाटते. परंतु त्यांचे नियम कडक असतात असे ऐकून आहे. या पंथाचे मुख्य केंद्र असलेल्या अमेरिकेतील यूटा राज्यात राहिलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, फ्रांकफुर्ट

सौ. ताईंस नमस्कार.

आपल्या मनातील माया समजते. तरीही, जे धर्मप्रसारासाठीच घरोघर फिरतात त्यांना आपणहून घरी बोलावणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा. घरात लहान मुले आहेत, आणि जेवणाच्या पानावर धर्माची चर्चा सुरू झाल्यास पाहुण्याला थांबवणे यजमानाला जड जाते.

प्रेषक: एक सभासद, ओफेनबाख

आदरणीय काका आणि प्रिय ताई,

यूटातील सॉल्ट लेक खोऱ्यात आम्ही बरीच वर्षे काढली आणि शेजारी बहुतेक याच पंथाचे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ही मुले पगारी प्रचारक नव्हेत. मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी जातात, खर्चाचा भार स्वतःच्या बचतीवर किंवा आईवडिलांवर असतो, आणि कोणत्या देशात जायचे हे त्यांच्या हाती नसते. ते चर्च ठरवते. २०१२ मध्ये मुलांसाठीची वयाची अट १९ वरून १८ वर आली, त्यामुळे शाळा संपवून थेट निघालेले अनेक जण असतात. मधे सुटी घेऊन घरी जाता येत नाही, म्हणजे मुलाचे दोन नाताळ परमुलखातच जातात.

फेब्रुवारी २०१९ पर्यंत तर घरच्यांशी बोलण्याची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मे महिन्यातील मातृदिनाला. एरवी केवळ पत्र आणि ईमेल. आमच्या शेजारीणबाईंचा मुलगा ब्राझीलला होता, तेव्हा नाताळच्या सकाळी त्यांनी आम्हालाही बोलावून घेतले होते. झाडाखालच्या भेटी कोणी उघडल्या नव्हत्या. सगळे घर लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसले होते. मुलगा पडद्यावर दिसला आणि क्षणभर कोणालाच काही सुचेना. मग आजीने नीट जेवतोस का म्हणून विचारले, तर साध्या उत्तरासाठीही तो इंग्रजी शब्द शोधत होता आणि तोंडी पोर्तुगीज येत होते. आता दर आठवड्याच्या त्यांच्या मोकळ्या दिवशी, बहुधा सोमवारी, व्हिडिओवर बोलता येते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता असे मला मनापासून वाटते. तरी फोनवर सण साजरा होत नाही, हे परदेशात दिवाळी काढणाऱ्या आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

त्यातही जर्मनीत ही उणीव जास्त जाणवत असावी. अमेरिकेतील नाताळ २५ तारखेच्या सकाळी उजाडतो, तर इथला २४ च्या संध्याकाळीच घराघरांत बंद होतो. दुपारी दुकाने मिटतात, रस्ते ओस पडतात, आणि अशा वेळी अनोळखी दाराची घंटा वाजवणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही. एरवी पहाटेपासून आखलेला दिवस एकदम रिकामा होतो. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचे तसे नाही, तो इथे साधा गुरुवार असल्याने कामात निघून जातो. २४ जुलैही तसाच जातो. १८४७ साली त्या दिवशी या पंथाचे तेव्हाचे नेते ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेक खोऱ्यात पोचले म्हणून यूटाभर मिरवणुका निघतात, परंतु इथे त्याची कोणाला खबरही नसते. २४ आणि २५ तारखांना त्यांच्या चर्चमधील कुटुंबे बहुधा बोलावतात, तेव्हा ताई, तुम्ही २६ तारीख विचारून पाहावी. त्या दिवशीही सगळे बंद असते.

खाण्यापिण्यात चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य आहे. आपला आले-वेलदोड्याचा चहाही त्यात आला, त्यामुळे पाहुणा चहा नाकारतो म्हणून वाईट वाटून घेऊ नये; मसाला दूध, पियूष, कोको यांपैकी काहीही आनंदाने घेतील. ग्लूवाइनचा, म्हणजे इथल्या गरम मसालेदार वाइनचा, प्रश्नच नाही. श्टोलन, म्हणजे इथला नाताळचा सुक्यामेव्याचा केक, आणणार असाल तर त्यातील मनुका रममध्ये भिजवलेल्या नाहीत ना, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. मांसाहाराला बंदी नाही. दोघे सदैव जोडीनेच येतात, घरात पुरुष माणूस नसेल तर आत येत नाहीत, आणि रात्री साधारण नऊपर्यंत त्यांना मुक्कामी परतायचे असते. म्हणून दुपारचे जेवण उत्तम.

काका, आपली शंका रास्त आहे. धर्मप्रसार हे त्यांचे कामच आहे आणि ते लपवीतही नाहीत. यावर उपाय एकच, निमंत्रण देतानाच सांगावे की हे फक्त सणाचे जेवण आहे, धर्मावर चर्चा नको. इतके स्पष्ट सांगितल्यावर आमच्याकडे कोणी तो विषय काढल्याचे मला आठवत नाही. जेवणाआधी प्रार्थना करू का, असे विचारतील. त्यांची झाली की आपण आपला श्लोक म्हणावा, मुलांनाही ते पाहायला मिळेल.

पुणेकरांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. याच पंथाचे ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईला उतरले आणि पुढे पुण्यात राहून त्यांनी तिथे एक छोटी मंडळी उभी केली. घरच्या पत्राला तेव्हा कित्येक आठवडे लागत. त्या काळी पुण्यातल्या एखाद्या घराने त्यांना सणाला जेवू घातले असेल, तर मला त्या घराचा अभिमानच वाटेल.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, फ्रांकफुर्ट

सविस्तर उत्तराबद्दल आभार. खासगी निमंत्रणास माझी हरकत नाही, आणि चर्चा नको हे आधी सांगण्याची सूचना मला पटते. मंडळाच्या कार्यक्रमांत मात्र कोणत्याच पंथाच्या प्रचारकांना बोलावू नये, हे माझे मत कायम आहे.

प्रेषक: एक सभासद, बाड होम्बुर्ग

दोघांचेही आभार. मुलांनी २६ तारखेला दुपारी साडेबाराची वेळ स्वीकारली आहे, आणि धर्माचा विषय न काढण्याचेही हसून मान्य केले आहे. त्यांतील एकाला शेंगदाणे चालत नाहीत, त्यामुळे कोशिंबिरीत कूट घालणार नाही. पुरणपोळी आणि कटाची आमटी असा बेत आहे. मंडळाच्या सामानातील मोठे पातेले सध्या ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया कळवावे. मी २३ तारखेला येऊन घेऊन जाईन.