इशरवुडची नष्ट झालेली रोजनिशी: हानी कोणाची?

मूळ लेख
ख्रिस्तोफर इशरवुड हा माझा आवडता इंग्रज कादंबरीकार आहे, म्हणूनच ही तक्रार मांडत आहे. ‘गुडबाय टू बर्लिन’ (1939) या पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणाला त्याने ‘बर्लिनची रोजनिशी’ असे नाव दिले आणि आपण उघड्या झडपेचा कॅमेरा आहोत, केवळ टिपत असतो, असे आरंभीच सांगितले. परंतु 1929 ते 1933 या काळात, नाझी सत्तेकडे सरकणाऱ्या त्या शहरात राहून जी खरी रोजनिशी त्याने लिहिली, ती त्याने स्वतःच नष्ट केली. जे वाचायला मिळते ती रोजनिशीच्या रूपातील कादंबरी आहे, आणि मूळ टिपणांची जागा ती घेऊ शकत नाही.

प्रतिसाद 1
आपली हळहळ समजते, तक्रार मात्र मान्य नाही. त्या वह्यांत त्याच्या शरीरसंबंधांचे तपशील होते आणि त्या पोलिसांच्या हाती पडतील अशी त्याला भीती वाटत होती, हे त्याने 1976च्या आत्मकथनात लिहिले आहे. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध 1967पर्यंत गुन्हा होता. त्याचा जर्मन जोडीदार हाइन्त्स त्याच्याबरोबर चार वर्षे देशोदेशी फिरला आणि 1937मध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, हाती सापडून शिक्षेस पात्र ठरला. अशा माणसाकडून कागद जपण्याची अपेक्षा करणे मला निर्दयपणाचे वाटते.

प्रतिसाद 2
भीती खरी होती, परंतु त्याच आत्मकथनात त्याने दुसऱ्या कारणाचीही शंका घेतली आहे: कथांमधून रचलेला, अधिक सुटसुटीत आणि अधिक शोभणारा भूतकाळच त्याला हवासा वाटू लागला होता. त्याची किंमत इतरांनी मोजली. ज्या जीन रॉसवरून त्याने ‘गुडबाय टू बर्लिन’मधील कॅबरे गायिका सॅली बोल्स रंगवली, ती पुढे स्पेनच्या यादवी युद्धाचे वार्तांकन करणारी, राजकीय निष्ठा पक्की असलेली पत्रकार झाली; तरीही जग तिला आजही कॅबरेतील उथळ मुलगी म्हणूनच ओळखते, आणि पडताळून पाहायला मूळ नोंद उरलेली नाही.

मूळ लेखक
हाइन्त्सच्या अटकेचा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो. रॉसविषयीचे म्हणणे मात्र माझ्या तक्रारीला बळ देते.

प्रतिसाद 3
बर्लिनपाशीच थांबल्याने पुढचा इशरवुड निसटतो. 1938मध्ये कवी ऑडनबरोबर तो युद्धग्रस्त चीनमध्ये गेला, आणि त्या प्रवासाच्या रोजनिशीत स्वतःचे अज्ञान व घाबरटपणा त्याने झाकला नाही. 1939मध्ये अमेरिकेत स्थायिक झाल्यावर लिहिलेल्या वह्या तर त्याने जपल्या. मृत्यूनंतर 1996पासून त्या मोठमोठ्या खंडांत प्रसिद्ध झाल्या. स्वामी प्रभवानंदांसह भगवद्गीतेचे भाषांतर (1944) करत असताना, हॉलिवुडच्या वेदान्त केंद्रात संन्यासाची तयारी करताना आणि अखेरीस ती वाट सोडताना झालेली ओढाताण तिथे कादंबरीच्या आडोशाविना वाचता येते. बर्लिनच्या वह्या असत्या तर त्या अशाच असत्या का, हे सांगता येणार नाही. पण कॅलिफोर्नियातील वह्या वाचल्याशिवाय त्याला लपवाछपवी करणारा ठरवू नये, अशी माझी विनंती आहे.