मदत हवी आहे : आरसी बोटीतला रिसीव्हर आणि ईएससी पाण्यापासून कसे वाचवायचे?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. भाच्याबरोबर मेहरूण तलावावर आरसी (रिमोटवर चालणारी) बोट चालवतो. मोटर ब्रशलेस आहे, तिची फारशी काळजी नाही. बेअरिंगला तेलाचा थेंब दिला की झालं. डोकेदुखी आहे ती रिसीव्हर (रिमोटचे सिग्नल घेणारा भाग) आणि ईएससीची (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). शाफ्टच्या नळीतून पाणी आत झिरपतं आणि सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) आपोआप थरथरायला लागतो. रिसीव्हर उघडून पाहिला तर पिनांच्या मुळाशी हिरवट थर.

रिसीव्हर फुग्यात घालून तोंड आवळायचा जुगाड माहीत आहे, पण आपल्या खान्देशातल्या उन्हात आत घाम धरतो. म्हणून कन्फॉर्मल कोटिंग (सर्किटवर बसणारा पातळ संरक्षक थर) मारायचं ठरवलंय. ॲक्रिलिक घ्यावं की सिलिकॉन? ॲक्रिलिक सॉल्व्हंटने निघतं, पुढे दुरुस्तीत सोल्डरिंगचा डाग द्यायला सोपं. ईएससीचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मोकळा ठेवायचा, हे कळतं. पण त्याच्या कडेने पाणी शिरू नये म्हणून काय करता? व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन तांबं खातं, ते नकोच. न्यूट्रल क्युअर सिलिकॉनची (सुकताना तसं आम्ल न सोडणाऱ्या) ट्यूब जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात कुठे मिळेल? आणि कोटिंग मारताना कनेक्टरच्या पिना झाकायला साधी मास्किंग टेप पुरते का? भाचा रोज विचारतोय, तेव्हा जरा लवकर सांगा.