गड उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या का दुखतात?

प्रश्न: सिंहगड चढताना धाप लागते, पण मांड्यांना विशेष त्रास होत नाही, उलट उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचा जिना उतरणेही नकोसे होते. श्रम चढण्यात जास्त असताना दुखणे उतरण्याचे का असावे? स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे असे होते का?

उत्तर १: लॅक्टिक आम्लाचा यात दोष नाही. रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण व्यायामानंतर साधारण तासाभरात पूर्ववत होते, मग ते दोन दिवसांनी दुखवेल कसे? उतरताना पाऊल खालच्या पायरीवर टेकेपर्यंत मागच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू, स्वतः ताणला जात असतानाच, जोर लावून शरीराचा भार रोखून धरतो. या प्रकारच्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही. मात्र थोड्याच तंतूंवर मोठा ताण येऊन त्यांत सूक्ष्म इजा होते, पुढे दाह आणि हळवेपणा वाढत जातो आणि २४ ते ७२ तासांत दुखणे सर्वाधिक होते.

उत्तर २: वरील उत्तराला एक जोड देतो. एकदा असे उतरून झाले की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उताराला बरेच कमी दुखतात. म्हणून मोठ्या ट्रेकपूर्वी एखादी लहान टेकडी उतरून येणे मला सर्वांत उपयुक्त वाटते. स्ट्रेचिंगने फारसा फरक पडत नाही. लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.