घोरणं, अडणारा श्वास आणि बाकीचं शरीर : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावच्या वडगावातलं, विणकराचं. मागाच्या खडखडाटात झोपणाऱ्या घरात बाबांचं घोरणं कुणाच्या कानावर येणार? जाग यायची ती आईला, आणि तीही घोरणं थांबलं की. एकदम शांत. मग बाबा हुंदका दिल्यासारखा श्वास ओढायचे आणि परत घोरणं सुरू. हे तिने आम्हाला सांगायला तीन वर्षं घेतली. तोवर बीपीची एक गोळी तिनावर गेली होती आणि तरीही आकडा खाली येत नव्हता. "मीठ कमी करा, काळजी करू नका" यापलीकडे कुणी काही विचारलं नाही.

शेवटी झोपेची तपासणी झाली. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. पाचच्या आत असेल तर ठीक, तिसाच्या वर गेला की तीव्र. डॉक्टरांनी समजावलं ते असं : झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून शरीराला खडबडून उठवतो. आपल्याला ते आठवत नाही, पण दर वेळी छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात. रात्री बीपी उतरायला हवं, ते उतरतच नाही. दिवसाच्या गोळ्या रात्रीचं हे भांडण कुठवर निस्तरणार?

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. घोरण्याबरोबर आणखी काय बिघडलं होतं आणि कळलं कसं, ते मुद्दाम लिहा.

खानापूर, भाजीची गाडी

ताई, बरं झालं विषय काढला. मी बेळगावातून भाजी भरून रात्री गोव्याला जातो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, खाली साखळी, मग म्हापसा. पंधरा वर्षं हाच रस्ता.

दोन वर्षांपूर्वी कणकुंबीच्या पुढे माझे डोळे उघडे होते म्हणे, पण मी झोपलो होतो. शेजारी भाचा. तो ओरडला, "मामा, काय करूलालाय!" आणि त्यानेच स्टेअरिंग ओढलं. डाव्या बाजूला दरी होती. गाडी बाजूला लावून मी अर्धा तास नुसता थरथरत बसलो.

सगळे म्हणायचे, जागरणाचा धंदा आहे, झोप येणारच. मलाही तेच वाटायचं. पण सुट्टीच्या दिवशी आठ-नऊ तास झोपूनसुद्धा मी दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगायचो, त्याचं काय? जागरणाची झोप झोपून भरून निघते, ही निघत नव्हती. शर्टाची कॉलर साडेसतरा इंच. शुगर वाढलेली, पथ्य पाळूनही हलत नव्हती. तपासणीत तासाला ३८. डॉक्टर म्हणाले, रात्रभर शरीर घाबरलेलं राहिलं की इन्सुलिनचं काम नीट होत नाही.

झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन (सीपॅप) मिळालं, ते लावल्यावर चौथ्या दिवशी सकाळी डोकं हलकं वाटलं. शुगर लगेच नाही उतरली. मशीन, पथ्य आणि नऊ किलो वजन कमी करून आठ महिन्यांनी थोडी उतरली. मशीन लागायच्या आधीचे दोन महिने मी गाडीला हात लावला नाही. घरात पैशाची ओढाताण झाली, पण गाडीवाल्या भावांनो, पेंग येत असेल तर चहा मारून पुढे जाऊ नका. तपासून घ्या.

टिळकवाडी, निवृत्त शिक्षक

मी रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत असे. वय ६७, त्यामुळे प्रोस्टेटच असणार असं गृहीत धरून दीड वर्ष औषध घेतलं. फरक शून्य. कारण वेगळंच होतं. बंद घशाविरुद्ध छाती श्वास ओढते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यावर ताण येतो. हृदयाला वाटतं, रक्तात पाणी जास्त झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. मशीन सुरू झाल्यापासून मी एकदा उठतो, कधी तेही नाही. प्रोस्टेटची तपासणी अवश्य करावी, पण डॉक्टरांना घोरण्याबद्दलही सांगावं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

निपाणी

मी विड्या वळते. दिवसाला हजार व्हायच्या, त्या सातशेवर आल्या. सकाळी उठतानाच डोकं ठणकायचं, वस्तू कुठं ठेवली ते आठवायचं नाही, उगाच रडू यायचं. दवाखान्यात म्हणाले, पाळी गेली की असंच असतं. रक्ताची गोळी, ताकदीची गोळी. मी जाडसुद्धा नाही. बाईमाणूस घोरतं हे सांगायचीच लाज, म्हणून आमचे मालकही दुसऱ्याला काही बोलले नाहीत, सोप्यात जाऊन झोपायचे. पोरीने फोनवर आवाज भरून डॉक्टरांना ऐकवला तेव्हा तपासणी झाली. पाळी गेल्यावर बायकांत हे वाढतं आणि जबडा लहान असला तर बारीक माणसालाही होतं, हे तेव्हा कळलं. बायांनो, लाजू नका.

अनगोळ

आमचा सहा वर्षांचा मुलगा तोंड उघडं ठेवून झोपायचा, घोरायचा, अंथरूण ओलं करायचा. वजन वाढत नव्हतं, शाळेतून "एका जागी बसत नाही" अशी तक्रार. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्या होत्या. ऑपरेशननंतर वर्षात साडेतीन किलो वाढला. त्याला मशीन लागलं नाही.

उद्यमबाग

फाउंड्रीत पाळीचं काम. झोप लागावी म्हणून कधी दोन पेग, कधी झोपेची गोळी. दोन्हीने घसा आणखी सैल पडतो हे डॉक्टरांनी सांगितल्यावर दोन्ही सोडलं. एक विचारायचं होतं : मशीनमध्ये ऑक्सिजन असतो का? आणि लाइट गेली तर?

वडगाव

दादा, ऑक्सिजन नसतो. साधीच हवा, पण दाबाने, म्हणजे घसा मिटत नाही. बाबांची एक गोळी कमी झाली आहे, दोन चालूच आहेत. आईची झोप मात्र अजून उडते. आता आवाजच नाही, म्हणून उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते.

खानापूर, भाजीची गाडी

दादा, आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते ती दोन-दोन दिवस. मशीन बंद पडलं तरी मास्कमध्ये गुदमरत नाही, त्याला हवेची भोकं असतात. पण घोरणं लगेच चालू होतं. मी जुना इन्व्हर्टर घेतला, एक रात्र निघते. दुसऱ्या रात्री कुशीवर झोपतो, पाठीमागे उशी लावून, आणि सकाळची गाडी भाच्याला देतो.