जॉन बन्यन: पापी तरुण की भेदरलेलं पोर?

अनवट:
सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक आणि लेखक जॉन बन्यन याचं 'ग्रेस अबाउंडिंग' वाचून संपवलं आणि जीव हळहळला. १६६६ साली, बेडफर्डच्या तुरुंगात असताना प्रसिद्ध झालेलं हे त्याचं आत्मकथन. (हा तोच लेखक, ज्याची 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' ही रूपककथा हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' नावाने मराठीत आणली.) यात तो स्वतःला पाप्यांचा शिरोमणी म्हणवतो. पापं कुठली, तर शिव्या, खोटं बोलणं, नाच, रविवारचे खेळ. बाईच्या बाबतीत आपण स्वच्छ होतो, हे तो छातीठोकपणे सांगतो. चर्चची घंटा वाजवणंसुद्धा त्याला गुन्हा वाटायला लागलं. वाजवणं सोडलं, पण बघायला जायचा. मग वाटलं, घंटा अंगावर पडली तर? म्हणून तुळईखाली उभा राहिला. घंटा भिंतीवर आपटून उसळली तर? म्हणून दारात आला. शेवटी सगळा मनोराच कोसळेल या धास्तीने पळून गेला. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून त्याला सैतानाची स्वप्नं पडत होती. एल्स्टो गावातल्या भांडी दुरुस्त करणाऱ्या गरीब माणसाचा हा मुलगा. तो वाईट नव्हता, प्युरिटन (कडक धर्मशिस्तीच्या ख्रिस्ती पंथाच्या) शिकवणीने त्याला छळलं, असं माझं ठाम मत आहे.

कंदील:
साफ असहमत. एक तर रविवारचा खेळ त्या काळी साधी गोष्ट नव्हती. प्रार्थनेनंतर खेळायला हरकत नाही, असा जाहीरनामा राजाने १६१८ मध्ये काढला होता, १६३३ मध्ये तो पुन्हा लागू झाला आणि १६४३ मध्ये पार्लमेंटने तो जाळायला लावला. रविवारी मैदानात उतरणं म्हणजे आपण राजाच्या बाजूचे की पार्लमेंटच्या, हे गावाला दाखवणं.

आणि तो प्रसंग नीट वाचा. सकाळी पाद्र्याने रविवार मोडणाऱ्यांवर प्रवचन दिलं. बन्यन जड मनाने घरी आला, पोटभर जेवला, सगळं विसरला आणि आपल्या विटीदांडूसारखाच एक खेळ खेळायला गेला. एक टोला मारून दुसरा मारणार, तेवढ्यात आतून प्रश्न आला: पाप सोडून स्वर्गात जातोस, की पापासकट नरकात? तो थबकला, वर पाहिलं आणि मनाशी म्हणाला, आता उशीर झालाय, एवीतेवी नरकच आहे, मग थोड्या पापांसाठी कशाला, भरपूर करून जाऊ. आणि सोबत्यांना काही न सांगता पुन्हा खेळायला लागला. भेदरलेलं पोर दांडू टाकून घरी पळालं असतं. हा माणूस स्वतःच्या मनातला हट्ट पकडतोय आणि पंधराएक वर्षांनी कसलीही सबब न देता लिहून काढतोय. त्याला निव्वळ बळी ठरवून तुम्ही त्याचा प्रामाणिकपणाच काढून घेताय.

पाणवठा:
दोघांनीही १६४४ साल सोडून दिलंत. त्या उन्हाळ्यात आई गेली, महिन्याभरात बहीण मार्गारेट गेली, बापाने लगेच दुसरं लग्न केलं आणि सोळाव्या वर्षी हा राजाविरुद्धच्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेत. तिथे त्याच्या जागी दुसरा एकजण वेढ्यावर गेला आणि पहाऱ्यावर असताना डोक्यात गोळी लागून मेला. आत्मकथनात आईच्या मृत्यूबद्दल अवाक्षर नाही आणि त्या शिपायाला चार ओळी. एवढी मरणं पाहिलेल्या मुलाला मनोरा कोसळेलसं वाटलं, तर त्यात प्रवचनाचा वाटा किती?

अनवट:
@पाणवठा, मुद्दा मान्य, पण प्रवचनं त्या दुःखावर फुंकर घालत नव्हती, मीठ चोळत होती.
@कंदील, पुढचंही वाचा ना. 'ख्रिस्ताला विकून टाक', हा विचार त्याच्या डोक्यात वर्षभर घुमत होता. जेवताना, कामात, अंथरुणात. 'नाही, हजारो जगं दिली तरी नाही' असं म्हणताना तो हातांनी, कोपरांनी हवेत ढकलत असे. एका सकाळी थकून मनात आलं, 'जायचं तर जाऊ दे त्याला', आणि त्या एका विचारापायी पुढे दोनेक वर्षं आपल्याला क्षमा नाही या खात्रीने तो तळमळला. याला नैतिक झगडा म्हणू नका. माणूस आजारी होता आणि शिकवण त्या आजाराला खतपाणी घालत होती.

कंदील:
आजार असेलही. पण त्याला खरी वाट कशाने दिसली? हे त्या छळाच्या आधीचं. बेडफर्डमध्ये कामाला गेला असता तीन-चार गरीब बायका दारात उन्हाला बसून देवाबद्दल बोलताना त्याला दिसल्या. तोवर त्याने शिव्या सोडल्या होत्या, शेजारीपाजारी त्याची वाहवा करत होते आणि त्यालाही ती आवडत होती. या बायका मात्र स्वतःच्या मनातली घाण आणि देवाची माया एकाच दमात, आनंदाने बोलत होत्या. आपल्याकडे हे नाही, हे त्याला तिथे कळलं.

अनवट:
मग श्रेय त्या बायकांना द्या, शिकवणीला कशाला?

कंदील:
कारण त्या बायका जॉन गिफर्डच्या चर्चमंडळीतल्या होत्या. गिफर्ड म्हणजे आधी राजाच्या फौजेतला अधिकारी, दारुडा, जुगारी, आणि पुढे बन्यनचा पाद्री. बन्यनला भिववणारी आणि त्या बायकांना हसवणारी शिकवण एकच होती. त्यातलं अर्धंच तुम्ही मोजताय.