बिननावाचा १८६५० सेल: परवडतो म्हणून घ्यायचा का?

कंदीलवाला (धागाकर्ता)

रात्रीच्या पाळीची वीज आणि उसातला बिबट्या, त्यामुळे जुन्नर-आंबेगावकडे डोक्याला लावायचा टॉर्च घरोघरी दिसतो. ट्रेकवाल्यांकडेही तोच. आत असतो १८६५० नावाचा लिथियम सेल, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. माझं मत सरळ आहे: शंभर रुपयांना मिळणारा, '९९०० एमएएच' (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणुकीची क्षमता) छापलेला सेल फुकट दिला तरी घेऊ नये.

या मापाच्या नळकांड्यात नामवंत कंपन्यांनाही ३५०० एमएएचच्या फार पुढे जाता आलेलं नाही. मग ९९०० कुठून आले? चांगला सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. हा '९९००' मी सोनाराच्या काट्यावर ठेवला, तीस ग्रॅमसुद्धा भरेना. जो क्षमतेबद्दल धडधडीत थाप मारतो, त्याने आतल्या सुरक्षा झडपेवर खर्च केला असेल यावर माझा विश्वास नाही.

आणखी एक. सेलची परीक्षणं शोधायला गेलं की निम्मी वेपवाल्यांची, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्यांची, निघतात. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे, पण परदेशातल्या या मंडळींनी सेल फार कसोशीने तपासलेत. साहजिक आहे, सेल त्यांच्या तोंडापाशी असतो! त्यांच्या यंत्रातली पाव ओहमची कॉइल (तापणारी तार) आणि भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट म्हणजे जवळपास १७ अँपिअर. म्हणून ते सॅमसंग २५आरसारखा सेल सुचवतात: क्षमता २५००च, पण सलग २० अँपिअर देतो. आपल्या टॉर्चला तीन-चार अँपिअर पुष्कळ झाले, तिथे पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी जास्त वेळ उजेड देईल. त्यांची यादी जशीच्या तशी उचलू नका. क्षमता आणि प्रवाह यांत एक वाढलं की दुसरं घटतं. दोन्ही भरभरून छापलेलं असेल तर सेल तिथेच ठेवून निघा.

बांधावरून

कंदीलवाले, हिशोब छान आहे, पण तालुक्याच्या दुकानात २५आर मागून बघा. दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. ऑनलाइन मागवला तर चारशेच्या पुढे जातो, आणि तो अस्सलच आहे हे कोण सांगणार? नामवंत कंपनीचं वेष्टन चढवलेला नकली सेल तुमच्या ९९०० पेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विसंबतो.

माझा शंभरवाला तीन हंगाम चाललाय. उजेड कमी देतो, मान्य. पण माझा टॉर्च एक अँपिअरसुद्धा ओढत नाही, त्यात कसला स्फोट? रात्री दोनला मोटर चालू करायला जाताना मला सेलची भीती नसते, दुसऱ्याच कुणाची असते. शेतीला दिवसा वीज द्या, मग कुठला सेल घ्यायचा ते निवांत बोलू.

रांगोळीसोल्डर

धंदा दुरुस्तीचा, म्हणून दोघांशीही थोडा भांडतो.

बांधावरून, सेल फक्त जास्त प्रवाह ओढल्याने पेटत नाही. चार्जर ४.२ ला थांबला नाही की पेटतो. आतली धन आणि ऋण बाजू वेगळी ठेवणारा पातळ पडदा फाटला की पेटतो. तुम्ही तो झोपताना उशाशी चार्जिंगला लावत असाल तर एक अँपिअरचा युक्तिवाद तिथे उपयोगाचा नाही.

कंदीलवाले, तुम्ही महागाच्याच मागे लागलाय. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधला अस्सल सेल नीट तपासला तर बिननावाच्या नव्यापेक्षा केव्हाही बरा. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला 'नवा' म्हणून मिळणाऱ्या सेलची टोकं भिंगातून बघा. स्पॉट वेल्डिंगची पट्टी ओरबाडून काढल्याचे बारीक खड्डे दिसतात, वर नवं कोरं वेष्टन. माझी रीत अशी: पूर्ण भरायचा, दोन आठवडे नुसता ठेवायचा, मग मीटर लावायचा. बसल्या बसल्या व्होल्टेज गळत असेल तर बाद. चार्ज होताना हाताला गरम लागला तरी बाद.

आणि वेष्टन! सेलचं अख्खं अंग म्हणजे ऋण टोक असतं, धन टोकाच्या बटणाभोवतीसुद्धा तेच. मधे असते कागदी चकती आणि प्लास्टिकची साल. ती साल वरच्या कडेला फाटली की किल्ली किंवा नाणं टेकताच शॉर्ट. खिशात सुटा सेल टाकून फिरणाऱ्यांना मी पहिलं हेच ओरडतो. दहा-वीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या.

फ्यूजगेला

मला हा वादच चुकीचा वाटतो. सुटा सेल घ्यायचाच कशाला? सॅमसंग, एलजी, मुराता हे सेल ग्राहकाच्या हातात सुटे देण्यासाठी बनवतच नाहीत. ते संरक्षण सर्किट असलेल्या पॅकसाठी असतात. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये लोकांना नेमकं हेच बजावलं होतं. रांगोळीसोल्डर यांचं भिंग आणि मीटर त्यांच्याकडे असेल, सामान्य माणसाकडे नसतं. आतच बॅटरी असलेला, यूएसबीवर चार्ज होणारा टॉर्च घ्या, विषय संपला.

बांधावरून

दोन वर्षांनी आतली बॅटरी मेली की टॉर्चच फेकायचा? असं पुण्यात बसून सांगता येतं.

फ्यूजगेला

मी नाशकात असतो. आणि हो, हात भाजण्यापेक्षा टॉर्च फेकलेला परवडला.

निळीज्योत

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं कुणी नावच घेत नाही? आग धरायला फार नाखूश असतो.

रांगोळीसोल्डर

खरंय, पण तो ३.२ व्होल्टचा. पुष्कळ टॉर्च त्यावर मंद पेटतात आणि क्षमताही निम्म्याच्या आसपास. शिवाय ३.६५ ला थांबणारा वेगळा चार्जर लागतो. नेहमीच्या ४.२ च्या चार्जरमध्ये टाकाल तर सुरक्षित सेल घेण्याचा अर्थच उरत नाही.

कंदीलवाला

फ्यूजगेला, मधला मार्ग आहे की. बुडाला संरक्षण सर्किट बसवलेला सुटा सेल मिळतो. लांबी ६९-७० मिलिमीटरपर्यंत जाते, काही टॉर्चमध्ये झाकण लागत नाही, तेवढं मोजून घ्यायचं. दोन सेलचा टॉर्च असेल तर दोन्ही एकाच वेळी घेतलेले, कायम जोडीनेच वापरायचे आणि जोडीनेच चार्ज करायचे. एक जुना एक नवा अजिबात नको.

बांधावरून, खात्रीचं विचारलंत. आपल्याकडे या सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर किंवा खोक्यावर आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादक कोण ते दिसतं. क्रमांकही चोरून छापणारे आहेत, म्हणून वजनकाटा सोडायचा नाही. तुमचा तीन हंगामांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण तेच वेष्टन चढवलेला पुढचा सेल कुठल्या भंगारातून आलाय, हे तुमच्या दुकानदारालाही माहीत नसतं.

बांधावरून

काट्याचं पटलं. किराणावाल्याकडे डिजिटल आहे, पुढचा सेल त्याच्यापुढे ठेवूनच पैसे देईन. बाकी गावातले आठ-दहा जण मिळून एकदम मागवू म्हणतो, म्हणजे कुरिअरचा खर्च विभागला जाईल. बिल देणारा आणि खराब निघाला तर परत घेणारा वितरक कुणाच्या माहितीत असेल तर नाव टाका. सल्ले भरपूर झाले.