'टायलिंग'ला मराठीत काय म्हणायचं? कौल, फरशी की आणखी काही?

टिळकवाडीकर
कॉस्मिक नावाचं नवं मुक्तस्रोत डेस्कटॉप, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची खिडक्या-बटणांची व्यवस्था, आलंय. डेन्व्हरच्या सिस्टम७६ कंपनीनं ते रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मुळापासून लिहिलं आणि २०२५च्या डिसेंबरात आपल्या पॉप ओएस २४.०४ या लिनक्स प्रणालीसोबत पहिली पक्की आवृत्ती दिली. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या संगणकवर्गात ते चढवलंय आणि त्यावरचा मजकूर मराठीत करायला बसलोय. अडलंय 'टायलिंग'वर. ही सोय चालू केली की खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत. एक उघडली की पडदाभर पसरते, दुसरी आली की पहिली सरकून निम्मी होते, तिसरीलाही त्यातूनच जागा मिळते. सुपर कळ (विंडोजच्या चिन्हाची) धरून वाय दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. मी 'फरशी मांडणी' लिहिलं. वर्गात मदतीला येणारे खानापूरचे काका म्हणाले, "फरशी कशाला? आपल्याकडं टाइल म्हणजे कौल. 'कौलारू मांडणी' लिही की." पोरांना दोन्ही दाखवलं, तर काही इकडं, काही तिकडं. जाणकारांनी सांगावं.

नंदगडचा
काकांचा मान राखून सांगतो, कौल चालणार नाही. मंगळुरी कौल हातात घेऊन बघा. पाठीमागं नाक असतं, ते रिपेला अडकतं. कडेला खाच असते, ती शेजारच्या कौलात बसते. आणि वरच्या ओळीतलं कौल खालच्या ओळीच्या डोक्यावर चढतं, म्हणून पाणी आत येत नाही. जुन्या नळ्यांच्या, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या कौलांच्या, घरात तर एक उताणा, एक पालथा. पावसाच्या तोंडावर आमच्या घरी कौलं परतायला माणसं यायची, तेव्हा खाली उभा राहून कौलं वर द्यायचं काम माझं असायचं. नीट चढलं नसेल तर पहिल्याच वळवाला खाली घमेलं ठेवायची पाळी. तुमच्या टायलिंगमध्ये नेमकं हे चढणंच बंद होतं. फरशा तेवढ्या एकीला एक लागून बसतात, कुणी कुणावर नाही. तेव्हा फरशीच बरोबर.

निपाणीचा मास्तर
फरशी हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? सीमाभागात आपण १९५६ पासून मराठीसाठी झगडतोय. पोरांना मराठीतून संगणक शिकवायची संधी हाताशी आली असताना परकी उसनवारी का करावी? 'सलग रचना' लिहा, नाहीतर 'अनाच्छादित मांडणी'.

शहापूरची सून
मास्तर, 'अनाच्छादित' सहावीतलं पोर वाचणार कसं? कोशाचा मान मोठाच आहे, पण तारीख, कागद, जमीन हे शब्द त्यानंतरही राहिले आणि मराठीच झाले. सावरकरांचा 'दिनांक' रुळला, तो अर्जावर. घरात आपण "आज तारीख काय?" असंच विचारतो.
आमच्या साड्यांच्या दुकानात दिरांनी हेच कॉस्मिक घातलंय. डावीकडं शिल्लक मालाची यादी, उजवीकडं बिल. पूर्वी बिल काढताना यादी मागं जायची आणि गिऱ्हाईक समोर ताटकळायचं. आता दोन्ही डोळ्यांसमोर राहतात. मला विचाराल तर नाम शोधूच नका, क्रियापद लिहा: 'खिडक्या लगत लावा'. दुकानात नव्या मुलीला मी असंच सांगते आणि तिला ते लगेच कळतं.

कडोलीकर
वहिनींचं पटतंय, पण वापरणारी सगळी पोरं 'टायलिंग'च म्हणतात. फाइलला 'धारिका' लिहून झालं, कोण म्हणतंय?
राहता राहिलं कॉस्मिक. मला ते आवडलंय ते सक्ती नाही म्हणून. २०११ मध्ये ग्नोम ३ हे दुसरं डेस्कटॉप आलं तेव्हा खिडकी खाली ठेवायचं (मिनिमाइझ) बटणच काढून टाकलं होतं. लोक चिडले, आणि त्या नाराजीतून माटे आणि सिनॅमन हे वेगळे डेस्कटॉप उभे राहिले. कॉस्मिकमध्ये एका कार्यक्षेत्रात (वर्कस्पेस) टायलिंग ठेवा, दुसऱ्यात बंद करा, तुमची मर्जी. काही सोयी अजून यायच्यात म्हणून तक्रारी आहेत, त्या खऱ्याच आहेत. पण सगळं नव्यानं लिहिलंय, थोडा वेळ द्यायला हवा.
आणि टिळकवाडीकर, खिडक्यांची 'स्टॅक' पण होते बघा. एकाच जागेत अनेक खिडक्या, वर नुसत्या पट्ट्या. त्याला काय लिहिलंत?

नंदगडचा
स्टॅकला उतरंड! यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही. खानापूर म्हणजे कुंभारकामाचा तालुका, खादी आयोगाची मातीकाम शिकवणारी संस्था आमच्याकडंच आहे. आजीच्या माजघरात उतरंड होती. जागा एका मडक्याची, मडकी पाच-सहा.

निपाणीचा मास्तर
उतरंडीत मोठं खाली, लहान वर असा उतरता क्रम लागतो. तुमच्या खिडक्या सगळ्या एकाच मापाच्या. मग 'थप्पी' म्हणा. वह्यांची थप्पी, पोत्यांची थप्पी.
शिवाय वर कौल कौल चाललंय म्हणून सांगतो, देवाला लावतात तो कौल अरबी 'कौल'वरून, म्हणजे वचन. छपराचा कौल माझ्या मते संस्कृत 'कपाल'वरून, म्हणजे खापर. दोघांची गल्लत नको.

संकेश्वरचा
माझं शिक्षण कन्नड शाळेत, घरी मराठी. कन्नडमध्ये छपराच्या कौलाला 'हंचु' म्हणतात. आणि 'हंचु' याच उच्चाराचं क्रियापद आहे, त्याचा अर्थ वाटणे. प्रसाद वाटतात त्यालाही हंचुच. टायलिंग करतं तरी काय? पडद्यावरची जागा वाटून देतं. कन्नडवाल्यांना एका शब्दात दोन्ही मिळालं. आपण 'जागा वाटून द्या' असं का लिहू नये?

शहापूरची सून
भाऊ, हे फार सुंदर सांगितलंत. 'वाटून' शब्द मला 'लगत'पेक्षा आवडला.

निपाणीचा मास्तर
सुंदर आहे, पण कन्नडच्या आधारानं मराठी शब्द ठरवायचा हे मला मान्य नाही. आपल्या वाटणीला आपला अर्थ आहे, आणि तो भावकीच्या भांडणाचा आहे.

संकेश्वरचा
मास्तर, शब्द मराठीच आहे की. कन्नडनं फक्त बोट दाखवलं. आमच्या गल्लीत दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात, त्यात मराठीचं काही कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

टिळकवाडीकर
मंडळी, 'उतरंड' घेतला, मास्तरांची हरकत लक्षात ठेवून. टायलिंगसाठी फरशी, लगत आणि वाटून हे तीन अजून उभे आहेत. बटणावर दोन शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत हेही ध्यानात घ्या.

कडोलीकर
मग 'टायलिंग' ठेवा. एकच शब्द.

नंदगडचा
ते ठरेल तेव्हा ठरेल. मास्तर, कपाल म्हणजे खापर म्हणालात म्हणून आठवलं. निपाणीकडं कौलांना खापऱ्या म्हणतात ना? त्या म्हणजे नळेच, की चपटी कौलं? आमच्याकडं मंगळुरी कौल आल्यावर नळे मागं पडले. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तिथून ती पसरली.

निपाणीचा मास्तर
खापऱ्या म्हणजे नळेच. चपट्या कौलांना आमच्याकडं कुणी खापरी म्हणत नाही.

कडोलीकर
आमच्याकडं म्हणतात की!